पाणाड्याची परीक्षा

वरवट बकालच्या आसपास कुणाला विहीर खणायची असो की बोअर मारायची असो, आधी गुलाबरावांना बोलावून आणायचं, हे तीस वर्षांपासून ठरलेलं होतं. गुलाबराव यायचे, चपला बांधावर काढायचे, सोललेला शेंडीचा नारळ उजव्या तळहातावर आडवा ठेवायचे आणि वावरात चालू लागायचे. मालक, मालकाचे भाऊबंद, शेजारी असे सगळे मागून गुपचूप चालायचे. कुठंतरी एके ठिकाणी नारळ हळूहळू उठून उभा राहायचा. तिथं दगड ठेवायचा आणि तिथंच खणायचं.

हा मुलूख खारपाणपट्ट्याच्या काठावरचा. उत्तरेला सातपुड्याकडं सरकलं की गोड पाणी, दक्षिणेला सरकलं की तोंडात धरवत नाही असं खारं. मधल्या गावांत तर एका बांधाला गोड आणि पुढच्या बांधाला खारं, असा सगळा घोळ. अशा ठिकाणी पाणी पाहणाऱ्या माणसाला, पाणाड्याला, मान असणारच. गुलाबरावांनी दाखवलेल्या जागा बहुतेक वेळा बरोबर निघायच्या. तरुणपणी वीस वर्षं त्यांनी विहिरी खणणाऱ्या टोळीत काम केलं होतं, ही गोष्ट आता फारशी कुणाच्या लक्षातही नव्हती.

त्यांच्या या नारळाचा राग होता तो फक्त एकीला. त्यांची मुलगी समता नांदुऱ्याला शाळेत विज्ञान शिकवायची. तीन वर्षांपूर्वी तिनं शाळेत बुवाबाजीवर भाषण दिलं, तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं होतं, "मॅडम, पह्यले घरचा नारय उतरवा!" त्या आठवड्यात ती घरी आली आणि बापाला म्हणाली, "बाबा, सोडा आता हे." गुलाबराव ताटावरून उठले होते. आई जाऊन आठ वर्षं झालेली, मध्ये समजूत घालायला कुणी नाही. तेव्हापासून बापलेक पिकाचं बोलायचे, दुखण्याखुपण्याचं बोलायचे, पाण्याचं मात्र बोलायचे नाहीत.

जानेवारीतल्या एका रविवारी शालिग्राम त्यांना बोलवायला आला. शालिग्राम गावातला मोठा भाजीवाला शेतकरी. त्याच्या तिन्ही विहिरी गुलाबरावांनीच दाखवलेल्या. "पुण्याचे लोक आलेत," तो म्हणाला. "मंग चाला. तुमच्यात काय शक्ती हाय ते मशीन लावून पाह्यतात म्हने."

शालिग्रामच्या खळ्यात पन्नासेक माणसं जमली होती. हरिओम नावाचे एक गृहस्थ, पांढरा सदरा, गळ्यात ओळखपत्र, बोलणं अगदी साखरेत घोळलेलं. सोबत हर्षल म्हणून त्यांचा यंत्रावरचा माणूस, मेहकरकडचा. हर्षलनं गुलाबरावांचे केस पाण्यानं भिजवले आणि डोक्यावर एक निळी रबरी टोपी चढवली. टोपीतून तारा निघून लॅपटॉपला गेलेल्या. हरिओम म्हणाले, "काका, नारळ हातात घ्या आणि मनात फक्त पाणी आणा." पडद्यावर रेघा नाचू लागल्या, आणि मग मोठ्या हिरव्या अक्षरांत आकडा उमटला. त्र्याण्णव.

"शंभरात त्र्याण्णव!" हरिओम उभे राहिले. "आजवर आम्ही चारशे लोक तपासले. इतका आकडा फक्त दोघांचा आला. आपल्यासारखा माणूस या गावात आहे, हे आता विज्ञानानं सिद्ध झालं."

टाळ्या पडल्या. गुलाबरावांचा ऊर भरून आला. समतेला कुणीतरी हे सांगायला पाहिजे, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

मग हरिओमनी पुढचं सांगितलं. शक्ती मेंदूत आहे म्हटल्यावर वावरात जायची गरजच काय? शेतकरी मोबाईलवर वावराचा फोटो पाठवतील, गुलाबराव घरी बसून बोट ठेवतील, हरिओमची संस्था यंत्राच्या दाखल्यासह जागा कळवेल. त्यांनी लगेच एक फोटो पुढं केला, वरून घेतलेला, कुठल्याशा वावराचा. "हे मेहकर तालुक्यातलं. ठेवा बोट."

गुलाबराव फोटोकडं बघत राहिले. मेहकरकडं त्यांनी उभ्या आयुष्यात कुदळ मारली नव्हती. तिकडची माती कशी, खाली खडक किती हातांवर, काही म्हणजे काही ठाऊक नाही. फोटोत उतार कळेना, झाडं कोणती ते कळेना. नारळ हातावर धरला तर तो डुलला, पण तो तर आताशा कुठंही डुलत होता. पन्नास माणसं बघत होती. गुलाबरावांनी डोळे मिटून बोट ठेवलं.

"वा!" हरिओम म्हणाले. "पुढच्या रविवारी कराराचे कागद घेऊन येतो. सही केली की झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबरावांनी चहा केला आणि तो तसाच निवत ठेवला. कुण्या अनोळखी माणसाच्या वावरात, त्यांनी डोळे मिटून ठेवलेल्या बोटाच्या जागी, बोअरची गाडी येऊन उभी राहणार होती. त्यांना तानाबाईचं वावर आठवलं.

सहा वर्षं झाली होती त्याला. तानाबाई गावाच्या दक्षिण शिवेवरची, नवऱ्यामागं एकटीनं संत्र्याची बाग उभी करणारी बाई. तिच्या वावरात शिरताना गुलाबरावांना बांधाच्या कडेनं पांढरा खार फुटलेला दिसला होता. टोळीतल्या दिवसांपासून त्यांना ठाऊक होतं, अशा मातीत खोल गेलं की खारंच लागतं. पण नारळ खडा उभा राहिला. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांचं न ऐकता नारळाचं ऐकलं. एकशेवीस फुटांवर भरपूर पाणी लागलं, सगळे खूश झाले, आणि दोन उन्हाळ्यांत त्या पाण्यानं संत्र्याची झाडं शेंड्यापासून वाळत आली. तानाबाईनं कधी बोल लावला नाही. गुलाबराव मात्र तेव्हापासून तिच्या वावरावरचा रस्ता टाळत होते.

त्यांनी समतेला फोन लावला. तिची मधली सुट्टी चालू होती.

"बाबा? तब्येत बरी हाय ना?"

"बरी हाय. एक इचारू? एखादं यंत्र खरं बोलते का खोटं, हे पाह्यता येते का?"

त्यांनी सगळं सांगितलं, त्र्याण्णव आकड्यासकट, मेहकरच्या फोटोसकट. समतेला वाटलं होतं, बाप आता फुशारकी मारणार. तिनं विचारलं, "तुमाले काय वाटते?"

"मले वाटते का ते यंत्र माह्याबद्दल काईच सांगून नाई राह्यलं. पन मी शिकेल मानूस नाई. म्हनून तुले इचारलं."

"शनिवारी येतो मी," समता म्हणाली. वऱ्हाडात मुलीही 'येतो' म्हणतात, पण पाण्याच्या गोष्टीसाठी ती तीन वर्षांत पहिल्यांदाच तसं म्हणत होती.

शनिवारी संध्याकाळी दोघं ओट्यावर बसले. समता म्हणाली, "यंत्राले असा प्रश्न द्याचा, का ज्याचं उत्तर आपल्याले आंधीच ठाऊक हाय. तिथं ते चुकलं, तं मंग बाकीच्या उत्तरांवर भरोसा कायचा?"

गुलाबरावांनी बराच विचार केला. मग एकदम हसले. "माह्या डोक्यात हाय का नाई शक्ती, ते कोनाले माहीत. पन भोपयाच्या डोक्यात नाई, हे तं सगळ्याले माहीत हाय ना?"

समता आधी बघतच राहिली आणि मग तीही हसत सुटली. तीन वर्षांत त्या ओट्यावर असं हसणं झालं नव्हतं.

रविवारी खळ्यात गर्दी दुप्पट होती. हरिओमनी कागद पुढं केले. गुलाबराव म्हणाले, "सही करतो. पन आंधी मशीन एकदा आनखी दुसऱ्याले लावून दाखवा." त्यांनी पिशवीतून एक गोल लाल भोपळा काढला, माणसाच्या डोक्याएवढा, आपले केस भिजवले होते तसाच तोही ओला राहावा म्हणून त्याला ओलं फडकं गुंडाळलं आणि खाटेवर ठेवला.

लोक हसले. हरिओमचा चेहरा उतरला. "ही थट्टा आहे."

"थट्टा नाई साहेब. याचा आकडा शून्य येईन. मंग मी सही करतो."

नाही म्हणायची सोय उरली नव्हती. हर्षलनं हरिओमकडं पाहिलं, मग लोकांकडं, आणि भोपळ्यावर टोपी चढवली. पडद्यावर रेघा नाचल्या. हिरव्या अक्षरांत आकडा आला. एक्क्याऐंशी.

खळ्यात एवढा गलका झाला की झाडावरचे पक्षी उडाले. शालिग्राम कपाळाला हात लावून बसला. हरिओम म्हणू लागले की वातावरणात शंका असली की लहरी बिघडतात, भोपळ्याजवळ उभ्या असलेल्या माणसांची ऊर्जा त्यात उतरते. समता शांतपणे म्हणाली, "सर, मग गेल्या रविवारी गुलाबरावांच्या जवळही पन्नास माणसं उभी होती. तो आकडा नेमका कुणाचा?" हरिओम कागद गोळा करू लागले.

समतेच्या मते काम झालं होतं. तिनं बापाचा हात धरला. "चाला घरी."

पण गुलाबराव हलले नाहीत. "मशीनची परीक्षा झाली," ते म्हणाले. "आता माही घ्या."

"बाबा, त्याची काई गरज नाई."

"तुले नाई. मले हाय."

शालिग्रामचं मिरची उपटून नांगरलेलं वावर शेजारीच होतं. कसं तपासायचं, ते त्यांनी आधीच मनात ठरवलं होतं. आधी उघड्या डोळ्यांनी चालायचं, नारळ उभा राहील तिथं खुंटी ठोकायची. मग डोळे बांधून त्याच वावरात फिरायचं. पाणी नारळाला कळत असेल, तर खुंट्या त्याच जागी यायला हव्यात.

उघड्या डोळ्यांनी ते चालले. तीन ठिकाणी नारळ उभा राहिला, तीन खुंट्या ठोकल्या. मग शालिग्रामनं आपल्या दुपट्ट्यानं त्यांचे डोळे घट्ट बांधले, जागच्या जागी चार वेळा फिरवलं आणि हाताला धरून चालवू लागला. गुलाबराव मन लावून चालत होते. नारळ तीन ठिकाणी उभा राहिला. त्यातली एक जागा पहिल्या खुंटीपासून साठ पावलांवर, दुसरी भलत्याच कोपऱ्यात, तिसरी बांधावरच्या दगडाच्या ढिगात. वावराच्या मधोमध शालिग्रामची चालू बोअर होती, मोटार बंद केलेली. तिच्या बाजूनं ते दोनदा गेले. दोन्ही वेळेस नारळ तळहातावर आडवा पडून राहिला.

शालिग्रामनं दुपट्टा सोडला. गुलाबरावांनी खुंट्या पाहिल्या. मग बोअर पाहिली. खोटेपणा त्यांनी कधी केला नव्हता. नारळ उभा राहायचा तेव्हा तो आपल्या बोटांनी उभा राहतो, हे त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

समता त्यांच्याजवळ आली. "बाबा, पह्यल्या तीन जागा काऊन निवडल्या?"

"म्या कुठं निवडल्या? नारय..."

"नारय सोडा. तुमी पाह्यत काय होते?"

गुलाबराव पहिल्या खुंटीकडं बघत राहिले. "तिथून जुना नाला वाहे," ते हळूहळू म्हणाले. "आता बुजला. पन माती पाहा, रेताड हाय. खाली गोटे असतीन. अन् तिथं शिंदीची झाडं होती, म्या सोता तोडलेली. दुसरी जागा... पल्याड पुंजाजीची विहीर हाय, ती म्याच खंदली टोळीत असताना. बत्तीस फुटाले झिरे फुटले, याच बाजूनं."

"मंग हे तुमी लोकायले काऊन नाई सांगतलं कधी?"

यावर गुलाबरावांनी जे सांगितलं, ते त्यांनी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. "सांगतलं ना. टोळीत होतो तवा सांगे. मालक म्हने, तुले काय समजते बे, तू खंद. मजुराचं अन् त्यातही आपल्या जातीच्याचं कोन ऐके? मंग एका म्हाताऱ्या पानाड्यानं नारय धराले शिकवलं. तोच मालक मंग खाट टाके, पानी इचारे. हळूहळू मलेच वाटाले लागलं का हे सारं नारयाचंच हाय."

तीन वर्षं समता ज्या गोष्टीवर रागावली होती, तिच्या तळाशी हे असेल, असं तिला वाटलंच नव्हतं. शालिग्राम बाजूला उभा राहून ऐकत होता. त्याच्या आज्याच्याच विहिरीवर गुलाबरावांनी मातीच्या पाट्या वाहिल्या होत्या. त्यानं खाली पाहिलं.

हरिओम गाडीत जाऊन बसले होते. हर्षल तारा गुंडाळायच्या निमित्तानं मागं थांबला. "काका," तो म्हणाला, "ओलावा जास्त झाला का आकडा चढते. घाम आला तरी चढते. मले तं पह्यल्या महिन्यातच समजलं होतं." मग जरा अडखळत म्हणाला, "अन् तो मेहकरचा फोटो, ते वावर माह्या काकाचं हाय. म्या अजून त्याले जागा कळवलीच नाई."

"कळवू नको बाप्पा," गुलाबराव म्हणाले. "तिकडच्याच एखाद्या जुन्या विहीर खंदणाऱ्याले वावरात ने. अन् भूजलवाल्या साहेबाले बी बोलाव."

सोमवारी सकाळी समतेची बस निघायच्या आधी गुलाबराव तानाबाईकडं गेले. समता सोबत होती, पण ती बांधावरच थांबली. तानाबाई गवत काढत होती. तिच्यामागं वाळक्या बागेतली उरलीसुरली झाडं उभी होती.

"वयनी," गुलाबराव म्हणाले, "तुमच्या वावरात मले खार दिसला होता. डोये सांगत होते का नको. म्या नारयाचं ऐकलं. बाग माह्यामुळं गेली."

तानाबाईनं विळा खाली ठेवला. मग तिचा आवाज चढला. "सहा वर्सं लागली तुमाले हे सांगाले? मी म्हनत होती माह्यंच नशीब फुटलं. माह्यंच काईतरी चुकलं. रोज म्हनत होती!"

गुलाबराव मान खाली घालून उभे राहिले. तानाबाईनं पदरानं तोंड पुसलं. बोलून झाल्यावर तिला जरा मोकळं वाटल्यासारखं दिसलं. "आता आले ना? मंग आता डोये काय म्हनतात ते सांगा."

समता बसला निघून गेली आणि गुलाबराव त्या दिवशी तानाबाईच्या वावरात तीन तास फिरले. दोन्ही हात रिकामे. माती उकरून बोटांत चोळली, चव घेतली, बांधावरचं गवत पाहिलं, शेजारच्यांच्या विहिरींत डोकावले. शेवटी उत्तरेच्या कोपऱ्यात थांबले, जिथं नाल्यावर दोन वर्षांपूर्वी बंधारा झाला होता. "इथं उथळ विहीर. पस्तीस फुटाच्या खाली एक बोट जायचं नाई. वरचं पानी गोड राहीन, असं मले वाटते. पन वाटते म्हनतो, हां. आंधी तपासू."

तपासायला पुढच्या शनिवारी समतेनं शाळेतून पेनाएवढं एक यंत्र आणलं. पाण्यात बुडवलं की त्यात क्षार किती, याचा आकडा दाखवणारं. गुलाबरावांनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"हे बी मशीनच ना? याच्यावर काऊन भरोसा ठेवू?"

"नका ठेवू," समता म्हणाली. "परीक्षा घ्या."

गुलाबरावांनी तिला बाहेर पाठवलं, दार लावलं. पाच सारख्या पेल्यांत पाणी घेतलं, त्यांत मीठ टाकलं, कशात चिमूट, कशात चमचा, एकात काहीच नाही. पेल्यांच्या जागा बदलल्या आणि कोणता कोणता ते फक्त स्वतःच्या ध्यानात ठेवलं. समतेनं आत येऊन एकेका पेल्यात यंत्र बुडवलं आणि कमी खारट ते जास्त खारट असे पेले ओळीनं लावले. पाचही बरोबर. गुलाबरावांनी तिला पुन्हा बाहेर काढलं, पेल्यांची पुन्हा उलटापालट केली, एक पेला तर दोनदा मोजायला लावला. आकडे तेच आले. त्यानंतर त्यांनी एका ओल्या भोपळ्याच्या फोडीलाही ते टेकवून पाहिलं आणि समता हसून हसून खाली बसली.

"मानलं," गुलाबराव म्हणाले. "हे भलतं काई सांगत नाई. याले जेवढं समजते तेवढंच बोलते."

त्यांनी तानाबाईच्या कोपऱ्याभोवतालच्या सहा विहिरी-बोअरचं पाणी मोजलं. बंधाऱ्याजवळच्या उथळ विहिरींचे आकडे कमी आले, दूरच्या खोल बोअरचे चौपट. तानाबाईनं मार्चमध्ये खणायला घेतलं. तिसाव्या फुटाला गोट्यांच्या थरातून पाणी आलं. भरमसाट नव्हतं, पण एका एकराला पुरेल एवढं होतं, आणि पिता येत होतं. तिनं पहिला तांब्या गुलाबरावांना दिला आणि त्यांचं पिऊन होईपर्यंत समोर उभी राहिली.

तोवर बापलेकीचा शनिवारचा नेमच बसून गेला. गुलाबराव सांगायचे, कुठल्या गावात कोणती विहीर कधी खणली, किती फुटांवर काळी माती संपली, कुठं गोटे लागले, कुठं खारं लागलं म्हणून खणणं सोडलं. समता तालुक्याच्या नकाशावर ठिपके लावायची, गोड्याला निळे, खाऱ्याला लाल. एकशेचाळीस ठिपके झाल्यावर तिनं तो नकाशा जिल्ह्याच्या भूजलवाल्यांना दाखवला. त्यांच्यातल्या एका साहेबांनी गुलाबरावांना वरवटच्या शिबिरात बोलायला बोलावलं. गुलाबराव पांढरा सदरा घालून गेले, माईकसमोर पाच मिनिटं काही सुचेना, मग कुणीतरी एका विहिरीचं नाव घेतलं आणि ते तासभर बोलत राहिले. पुढच्या रांगेत बसलेले मोठे मोठे शेतकरी वहीत लिहून घेत होते.

मे महिन्यात गोविंदा नावाचा एक तरुण शेतकरी त्यांना आपल्या वावरात घेऊन गेला. ऊन रणरणत होतं. गुलाबरावांनी दोन तास पाहिलं, समतेनं आसपासचं पाणी मोजलं, आणि मग त्यांनी वावराच्या पश्चिमेकडची एक जागा दाखवली.

"पक्कं का काका?" गोविंदानं विचारलं.

"पक्कं नाई. धा ठिकानी असं दिसलं, तं सात ठिकानी गोड लागलं, तीन ठिकानी नाई. भूजलवाले साहेब मंगयवारी येनार हायेत, त्यायचं बी ऐक, मंग ठरव."

गोविंदानं डोक्यावरचा दुपट्टा काढून घाम पुसला आणि जागेवर दगड ठेवला. "धात सात म्हनजे लय झाले," तो म्हणाला. "बसा बाभयीच्या सावलीत. ताक आनतो."

समता सावलीत बसून नकाशा उलगडत होती. गुलाबराव तिच्याशेजारी टेकले आणि नकाशावरच्या एका कोऱ्या भागावर बोट ठेवून म्हणाले, "या बाजूले आपन गेलोच नाई. तिथं चार जुन्या विहिरी हायेत, मले चांगल्या आठवतात. पुढच्या शनिवारी सकाळची बस पकडशीन का?"

"हाव," समता म्हणाली. "पहिलीच पकडतो."